चीतपटाचा क्षण आणि पंचाची नजर : कुस्तीच्या नव्या नियमांची ओळख

अहिल्यानगर : येथील वाडिया पार्क मैदानावर २ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेली महाराष्ट्र केसरीची लढत निकालापेक्षा वादामुळेच अधिक लक्षात राहिली. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीतपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे होते. संतापाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. पुढे माती विभागाचा विजेता महेंद्र गायकवाड यानेही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन अंतिम कुस्ती अर्धवट सोडली. गदा मोहोळकडे गेली. राक्षे व गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

पंचांवर हात उचलणे असमर्थनीयच. मात्र, चीतपट नेमके कशाला म्हणावे, ते कोणी ठरवावे आणि निर्णय चुकला असे वाटल्यास दाद कशी मागावी, हे प्रश्न या घटनेने सामान्य प्रेक्षकांपुढेही आणले. त्या दृष्टीने कुस्तीच्या बदललेल्या नियमांची ही ओळख.

पडद्यावरची कुस्ती वेगळी

शहरी तरुणांना कुस्तीचा पहिला परिचय बहुधा दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्तीतून किंवा तिच्यावर बेतलेल्या व्हिडिओ गेममधून होतो. तेथे प्रतिस्पर्ध्याचे खांदे टेकवून पंच तीनपर्यंत मोजतो आणि तोवर सुटण्याची संधी असते. गेममध्ये त्यासाठी योग्य क्षणी बटण दाबावे लागते. मार्च २०२४ मध्ये आलेल्या 'डब्ल्यूडब्ल्यूई टूके २४' या गेममध्ये तर खेळणाऱ्याला स्वतः पाहुणा पंच होता येते. एका मल्लासाठी भरभर आणि दुसऱ्यासाठी रेंगाळत मोजण्याची मुभाही त्यात आहे. पक्षपात हाच तेथे करमणुकीचा भाग आहे.

खऱ्या कुस्तीत तीनपर्यंतची मोजणी नसते. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकले आणि प्रतिस्पर्ध्याचा ताबा पंचांना स्पष्ट दिसला, की कुस्ती संपते. हा अवधी क्षणाचा असतो आणि त्या क्षणी पंच कोठे उभा आहे, यावर बरेच अवलंबून असते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चीतपटाचा निर्णय एकट्या पंचाचा नसतो. मॅटवर पंच, बाजूला बसलेला गुणपंच आणि मॅट चेअरमन अशी तीन अधिकाऱ्यांची रचना असते. पंचाने इशारा केल्यावर अन्य अधिकाऱ्याची संमती मिळाली, तरच चीतपट ग्राह्य ठरते.

मातीतून गादीकडे

गावच्या जत्रेतील मैदानात निकाली कुस्तीला वेळेचे बंधन नसे. पाठ लागली की निकाल. नाही लागली, तर कुस्ती बरोबरीत. ताक, तेल आणि हळद घालून मळलेल्या लाल मातीत तयार झालेल्या मल्लाला गादीवरची वेगवान, गुणांची कुस्ती परकी वाटणे स्वाभाविक होते. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथमच गादीवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

महाराष्ट्र केसरी किताबाला १९६१ मध्ये प्रारंभ झाला. पहिला मान दिनकर दह्यारी यांना मिळाला. माती आणि गादी या दोन विभागांतील विजेत्यांमध्ये अंतिम कुस्ती लावण्याची पद्धत म्हणजे परंपरा आणि ऑलिंपिकचे नियम यांतील तडजोडच होय. आज या स्पर्धेत माती विभागातही गुण मोजले जातात.

२०१३ चे वळण

फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या ऑलिंपिकमधून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. खेळाचे नियम प्रेक्षकांना कळत नाहीत, हा एक प्रमुख आक्षेप होता. तो निराधार नव्हता. तोवर दोन-दोन मिनिटांच्या तीन स्वतंत्र फेऱ्या असत. गुणाविना संपलेल्या फेरीत चिठ्ठीसारखा चेंडू काढून एका मल्लाला प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून सुरुवात करण्याची संधी दिली जाई. त्यामुळे नशिबाचा वाटा मोठा राहत असे.

त्याच वर्षी मे महिन्यात नियम बदलले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती आणि दोन्ही फेऱ्यांच्या गुणांची एकत्र बेरीज, अशी सोपी रचना आली. सप्टेंबर २०१३ मध्ये कुस्तीचे ऑलिंपिकमधील स्थान पुन्हा मान्य झाले.

गुणांचे गणित

फ्रीस्टाइल प्रकारात गुण ढोबळमानाने पुढीलप्रमाणे मिळतात.

- प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर ढकलल्यास १ गुण.
- पट काढून किंवा मागे जाऊन ताबा मिळवल्यास २ गुण.
- खाली असलेल्या मल्लाला भारंदाज डावाने फिरवल्यास २ गुण.
- उभ्याने फेकून थेट पाठीच्या धोकादायक स्थितीत आणल्यास ४ गुण. उंच उचलून भव्य फेक केल्यास ५ गुण.
- निष्क्रिय मल्लाला ताकीद दिल्यानंतर ३० सेकंदांची मुदत मिळते. त्यात त्याला गुण घेता आला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला १ गुण.
- १० गुणांची आघाडी होताच तांत्रिक श्रेष्ठतेवर विजय.

पाठ गादीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करते, तेव्हा ती स्थिती धोकादायक मानली जाते. दोन गुण द्यायचे की चार, हे या कोनावर ठरते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला दिलेल्या चार गुणांवरून उठलेला वाद याच स्वरूपाचा होता.

दाद मागण्याची सोय

निर्णय मान्य नसल्यास प्रशिक्षक मऊ स्पंजचा ठोकळा गादीवर टाकून 'चॅलेंज' घेऊ शकतो. त्यानंतर चित्रीकरण पाहून निर्णय होतो. आक्षेप फेटाळला गेला, तर प्रतिस्पर्ध्याला १ गुण मिळतो आणि त्या कुस्तीत पुन्हा आक्षेप घेता येत नाही. वेळ काढण्यासाठी आक्षेप घेतले जाऊ नयेत, हा यामागील हेतू.

ही सोय मुख्यतः गुणांच्या निर्णयांसाठी उपयोगी पडते. चीतपटाने मात्र कुस्तीच संपते; तेथे खरे संरक्षण आधीच्या संमतीत आहे. ती संमती घाईत, गर्दीच्या गोंगाटात दिली गेली, तर नियम कागदावरच राहतो. गादीभोवती मोकळी जागा, वेगवेगळ्या कोनांतून केलेले चित्रीकरण आणि तीनही अधिकाऱ्यांना आपला स्वतंत्र कौल देण्याइतका निवांतपणा, एवढ्या गोष्टी आयोजकांच्या हातात आहेत.

अडचण आणखी एक आहे. संघटनांमधील फुटीमुळे किताबही दोन झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला शिवराज राक्षे, तर पुण्याजवळील फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी ठरला. अहिल्यानगरच्या वादानंतर दोन महिन्यांच्या आतच, मार्च २०२५ मध्ये, याच जिल्ह्यातील कर्जत येथे झालेल्या स्पर्धेत वेताळ शेळकेने गदा उंचावली. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी दोन महाराष्ट्र केसरी! किताब देणारी संघटनाच एक नसेल, तर पंचांचे प्रशिक्षण आणि तक्रारींची सुनावणी एकसारखी कशी होणार?

मल्लाच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. पहाटेची मेहनत, खुराकाचा खर्च, घरच्यांनी केलेला त्याग आणि पुढे सरकारी नोकरीची आशा हे सारे त्या एका क्षणावर टांगलेले असते. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अकोले तालुक्यातील हर्षवर्धन सदगीरने शैलेश शेळकेला ३-२ असे अवघ्या एका गुणाने हरवले. दोघेही काका पवार यांच्याच तालमीतले. निकालानंतर सदगीरने पराभूत शेळकेलाच खांद्यावर उचलून घेतले. फरक एका गुणाचाच होता. पण निर्णयावर दोघांचाही विश्वास होता. नियमांनी साधायचे असते ते हेच.