पांढऱ्या फुलाची वंशावळ

शॅस्टा डेझी हे आपल्या शेवंतीच्याच कुळातले फूल. पिवळ्या डोळ्याभोवती पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, एवढेच त्याचे रूप. भरपूर ऊन द्यावे, मुळाशी पाणी साचू देऊ नये, सुकलेली फुले वेळेवर खुडावीत. एवढ्यावर ते संतुष्ट असते. मात्र त्याची वंशावळ शोधू लागलो, तेव्हा आम्ही बागेतून थेट पाठचिकित्सेच्या प्रांतात जाऊन पोहोचलो.

हे फूल रानात आपोआप उगवलेले नव्हे. कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे ल्यूथर बरबँक (१८४९-१९२६) याने ते घडवले आणि १९०१ साली बाजारात आणले. शॅस्टा या हिमाच्छादित पर्वताचे नाव त्याने त्याला दिले. न्यू इंग्लंडमधील आपल्या बालपणीच्या रानटी डेझीचा इंग्लंड आणि पोर्तुगाल येथून आणलेल्या जातींशी संकर केला, शेवटी जपानी डेझीचा परागही वापरला आणि तेव्हा कुठे हवा तो शुभ्रपणा साधला, असे बरबँक सांगत असे. काम सुमारे सतरा वर्षे चालले. हजारो रोपांतून मोजकी ठेवायची आणि उरलेली नष्ट करायची, ही त्याची रीत.

हे सारे खरे कशावरून? त्याने सांगितले म्हणून! बरबँकची नजर विलक्षण होती, पण त्याची नोंदवही नव्हती म्हटले तरी चालेल. १९०५ साली कार्नेगी संस्थेने त्याला वर्षाला १०,००० डॉलर देऊ केले आणि त्याच्या पद्धतीची नोंद करण्यासाठी जॉर्ज शल या शास्त्रज्ञाला पाठवले. नोंदी जुळेनात. १९०९ साली अनुदान थांबले आणि अपेक्षित अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नाही. आजचे वनस्पतिशास्त्र या फुलाला दोनच जातींचा संकर मानते. त्यात जपानी डेझी नाही.

म्हणजे कर्ता स्वतःच आपल्या कृतीचा एकमेव साक्षीदार, आणि कच्चे खर्डे सारे नष्ट झालेले. साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. लेखकाने उतारवयात सांगितलेली आपल्या ग्रंथाची जन्मकथा आपण प्रमाण मानतो का? मानत नाही, पण ती फेकूनही देत नाही. ती इतिहासाचे साधन असते, निवाडा नव्हे. परमहंस योगानंदांनी आपले आत्मचरित्र (१९४६) ज्याला अर्पण केले, तो 'अमेरिकन संत' हाच बरबँक. एकाच माणसाची संत आणि बेशिस्त प्रयोगकर्ता अशी दोन चित्रे समकालीनांनी रेखाटली. त्यांपैकी एकच निवडण्याची घाई इतिहासकाराने करू नये, असे आम्हांस वाटते.

असो. माळीकामातील एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. या संकराच्या बियांतून हुबेहूब तेच फूल येईल, याची खात्री नसते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी ठोंब उकरावा, मधला जून भाग टाकावा आणि कडेचे मुळांसकट फुटवे वेगळे करून पुन्हा लावावेत. वंशावळ हरवली तरी फूल टिकते ते असे, हातांनी. निदान कोणता फुटवा कधी लावला, एवढे तरी आपण वहीत लिहून ठेवावे.