शिडाच्या जहाजावर जायचंय? आधी मोखाड्याला जाऊन या

तर झालं असं, की आमच्या टीममधल्या एका मित्राने लग्नाच्या पाचव्या वाढदिवसासाठी भूमध्य समुद्रातली आठ दिवसांची सफर बुक केली. पाच हजार माणसांचा तरंगता मॉल नव्हे हं. तीन डोलकाठ्यांचं, खऱ्याखुऱ्या शिडांचं, शंभरेक प्रवाशांचं छोटं जहाज. सिसिली, माल्टा, ट्युनिस अशी बंदरं. बहुतेक रोज एक बंदर आणि किनाऱ्यावर एक सहल. महाशय शुक्रवारी डबा उघडून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "तू इतिहास-बितिहास वाचतोस ना, जरा टिप्स दे."

आता नेहमीच्या टिप्स कुठेही मिळतात. बॅग मऊ घ्या, कारण केबिन लहान असते आणि कडक सूटकेस ठेवायला जागा नसते. रबरी तळव्याचे बूट घ्या, शिडात वारा भरला की जहाज एका अंगाला कलतं. मळमळलं तर जहाजाच्या मध्यावर जाऊन उभं राहा आणि क्षितिजाकडे बघा. हे सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "आणि पहिली सहल इथेच कर. जव्हार-मोखाडा."

तो हसला. साहजिक आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, मोखाडा त्याच्याही पुढे घाटाकडे. तिथून समुद्र दिसतसुद्धा नाही. पण पुढच्याच शनिवारी तो, वहिनी आणि मी असे तिघं निघालो. त्या दोन दिवसांत गाडीत मी जी काही बडबड केली, ती जरा नीट करून इथे टाकतोय.

टिप १ : जहाज बघायच्या आधी लाकूड बघा

शिडाचं जहाज म्हटलं की आपल्याला शिडं दिसतात. पण जहाज म्हणजे मुळात जंगल. युरोपात जहाजं ओकची बांधत. ओकमध्ये एक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खाऊन टाकतं. आपल्या सागात तेल असतं. खिळे टिकतात, वाळवी लागत नाही, पाण्यात लाकूड लवकर कुजत नाही. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला ओक कमी पडायला लागला, तेव्हा त्यांच्या नौदलाने मुंबईच्या गोदीकडे मोर्चा वळवला. तिथे वाडिया घराणं होतं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि पुढच्या पिढ्यांनी या गोदीत जगातली उत्तम जहाजं बांधली.

त्यातलं 'त्रिंकोमाली' आजही तरंगतंय. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते मुंबईत पाण्यात उतरलं. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया, लाकूड मलबारचा साग. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते जपून ठेवलंय. कधी ऑनसाइट गेलात तर जरूर बघा. आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी यात एक खास गंमत आहे. या जहाजाचे नकाशे १८१२ मध्ये 'जावा' नावाच्या युद्धनौकेवरून मुंबईला पाठवले होते. वाटेत अमेरिकनांनी 'जावा'च पकडली आणि नकाशे गेले. पुन्हा नवे नकाशे येऊन काम सुरू व्हायला १८१६ उजाडलं. बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवावा, हे तेव्हापासूनचं शहाणपण आहे.

आपल्या उत्तर कोकणातही सागाची हीच कथा. वसईच्या उत्तरेला आगाशी हे जहाजबांधणीचं गाव होतं. इतकं महत्त्वाचं, की १५३०-३१ मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळलं. पुढे १५३४ मध्ये वसईच त्यांच्या हातात आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत राहिली. मुंबई-अहमदाबाद हायवेवर मनोरच्या जवळ अशेरीगड दिसतो ना, तो पोर्तुगीजांकडे होता. समुद्रावर राज्य करणाऱ्या माणसांना इतक्या आतला डोंगर कशाला हवा? आजूबाजूचं जंगल बघितलं की अंदाज येतो. वैतरणेची भरती मनोरपर्यंत चढते. डोंगरातला ओंडका तिथवर आला की पुढे पाणीच त्याला नेतं.

जहाजासाठी फक्त सरळ खोड पुरत नाही. सांगाड्याच्या बरगड्यांना नैसर्गिकरीत्या वाकलेलं लाकूड लागतं, कारण कापून वाकडं केलेलं लाकूड तंतू तुटल्यामुळे कमजोर पडतं. म्हणजे कोणीतरी जंगलात फिरून नेमकी वाकडी झाडं हेरायची. ते काम गोदीतला साहेब करत नाही. ते जंगलात राहणारा माणूस करतो, आणि त्याचं नाव कुठल्याही जहाजावर लिहिलेलं नसतं. उलट इंग्रजांनी १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसनला वनरक्षक नेमलं ते नौदलासाठी साग मिळवायलाच. सागावर सरकारचा हक्क आला आणि लोकांचा गेला. ओरड इतकी झाली, की १८२३ मध्ये ते पदच बंद करावं लागलं.

टिप २ : बंदराच्या पाठीमागे कोण आहे ते विचारा

मनोरहून विक्रमगडमार्गे आम्ही दुपारी जव्हारला पोचलो. पहिला थांबा शिरपामाळ. मोकळं पठार, वारा भन्नाट. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून जाताना इथे थांबले, आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांना शिरपेच देऊन सन्मान केला, म्हणून हे शिरपामाळ, असं इथे सांगतात.

विचार करा. सुरत हे तेव्हा मोगलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर. तिथे इंग्रजांची वखार, डचांची वखार, मक्केला जाणारी जहाजं. सगळ्यांची नजर समुद्राकडे. आणि महाराज आले जमिनीवरून. पुढे विक्रमशहांशी बिनसलं. १६७२ च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकलं, सतरा लाखांचा खजिना हाती लागला आणि सुरतेच्या वाटेवरचा हा डोंगराळ टप्पा स्वराज्यात आला. तेव्हापासून सुरतेला धाक बसला तो कायमचाच.

म्हणून टिप अशी, की गाईड तुम्हाला बंदरातला किल्ला, चर्च आणि बाजार दाखवेल. त्याला विचारा, या बंदरात माल कुठून यायचा आणि डोंगरात कोण राहायचं? उत्तर मिळालं तर ती सहल वसूल.

टिप ३ : गोष्ट ओळखीची वाटली तर थांबून ऐका

जव्हारचं राज्य मुकणे घराण्याचं, महादेव कोळी समाजाचं. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने निमशहाला राजा म्हणून मान्यता दिली. हा निमशहा जयबा मुकणे यांचा मुलगा. जयबांनी हे ठाणं कसं मिळवलं त्याची दंतकथा भारी आहे. त्यांनी इथल्या आधीच्या नाईकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नाईक हो म्हणाला. मग त्यांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि अख्ख्या गडाला वेढा घातला.

वहिनी पटकन म्हणाल्या, "अहो, ही तर कार्थेजची गोष्ट!" बरोबर. डिडो नावाची राणी जहाजातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली, तिने हेच मागितलं आणि हेच केलं. तिथल्या टेकडीचं नाव बिर्सा, आणि ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थच कातडं. ही टेकडी ट्युनिसला आहे. म्हणजे यांच्या सफरीतलंच बंदर!

गोष्ट कोणी कोणाकडून घेतली हा वाद मी घालत नाही. मला वेगळंच जाणवलं. ही गोष्ट नेहमी जिंकणाऱ्याच्या चतुराईची म्हणून सांगतात. "एवढीशी जागा ना, घे की" म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं, ते गोष्टीत सहसा येत नाही. हे वाक्य डोक्यात ठेवून दुसऱ्या दिवशी आम्ही मोखाड्याला निघालो.

टिप ४ : लाइफबोटी मोजा, आणि कॅप्टन 'नाही' म्हणाला तर आभार माना

मोखाड्याहून खोडाळ्याला, आणि तिथून कसाऱ्याकडे उतरताना वैतरणेचं खोरं लागतं. त्र्यंबकच्या डोंगरातून निघालेली ही नदी घाट फोडत पश्चिमेला येते आणि अर्नाळ्यापाशी समुद्राला मिळते. विरारनंतरचं वैतरणा स्टेशन माहीत असेलच. पण या नावाची एक आगबोट होती, ते फार लोकांना माहीत नसतं.

'वैतरणा' १८८५ मध्ये स्कॉटलंडमध्ये बांधली गेली आणि मुंबई ते कच्छ अशी फेरी करायची. मुंबईच्याच एका कंपनीची. बोटीवर विजेचे दिवे होते, तेव्हा ते अप्रूप. म्हणून गुजरातीत लोक तिला 'वीजळी' म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती मांडवीहून निघाली, द्वारकेला आणखी प्रवासी घेतले आणि मुंबईकडे वळली. सातशे प्रवासी, वर खलाशी. त्यात लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला मॅट्रिकची परीक्षा द्यायला निघालेली मुलं होती. हवा बिघडल्यामुळे पोरबंदरला न थांबता बोट पुढे गेली. मांगरोळजवळच्या समुद्रात वादळाने गाठलं आणि ती नाहीशी झाली. सातशे चाळीसहून जास्त माणसं. शोधायला बोटी गेल्या, अवशेषसुद्धा हाती लागले नाहीत. पुढे चौकशी झाली, तेव्हा निष्कर्ष निघाला की लाइफबोटी आणि लाइफजॅकेटं पुरेशी नव्हती. 'टायटॅनिक'च्या चोवीस वर्षं आधी. कप्तान हाजी कासमचं नाव गुजरातच्या लोकगीतांत आहे. आपल्याकडे, जिच्या नावाची ती बोट होती त्या नदीच्या काठावर, त्या बोटीबद्दल एक शब्द ऐकू येत नाही.

तेव्हा सफरीच्या सुरुवातीला जी सेफ्टी ड्रिल असते ना, त्यात मोबाईल खिशात ठेवा. आपली लाइफबोट कुठली, जॅकेट कुठे, हे स्वतः जाऊन बघा. शिडाच्या छोट्या जहाजावर वाऱ्यामुळे एखादं बंदर रद्द होतं, त्यावर कुरकुर करू नका. आपल्या कोळी बांधवांना हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय पाण्यात जात नाहीत. सुट्टी चार दिवसांचीच आहे म्हणून समुद्र शांत होत नसतो.

टिप ५ : किनाऱ्यावरून काय नेता ते बघा

खोडाळ्याच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. मार्चचा महिना. टपरीवाल्या आजोबांकडे मी हात धुवायला पाणी मागितलं. त्यांनी अर्धा तांब्या दिला आणि म्हणाले, "जपून घ्या साहेब, पोरीनं लांबून आणलंय."

मला एकदम कसंतरी झालं. कारण याच वैतरणेवर मुंबईसाठी तीन धरणं आहेत. मोडकसागर १९५७ चं, अप्पर वैतरणा १९७३ चं आणि मध्य वैतरणा २०१४ चं. आम्ही तिघंही सकाळी घरी शॉवर घेऊन निघणारी माणसं. ते पाणी याच डोंगरातलं. इथे पावसाळ्यात धो धो कोसळतं, आणि उन्हाळ्यात मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा या भागाचं नाव देशभरच्या पेपरात आलं. मग पुन्हा आपण विसरलो. वीकेंडला येतो, दाभोसा धबधब्याचे फोटो काढतो, जातो.

आधी साग गेला, मग पाणी गेलं. प्रत्येक वेळी खाली किनाऱ्यावर काहीतरी भव्य उभं राहिलं. बैलाच्या कातड्याएवढीच जागा मागितली होती, पण वाद्या फार बारीक कापल्या गेल्या.

आजोबांना मी धरणाबद्दल विचारलं. ते रागावले नाहीत. "मुंबईला पण पाणी लागतंच की," एवढंच म्हणाले. आणि मग आग्रहाने सांगितलं, की बोहाड्याला या. वसंतात होतो, देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर नाच, सांबळ आणि सनई. येतो म्हटलंय. या वेळी फक्त फोटो काढायला जाणार नाही.

मित्र सफर करून आला. जहाजावरून त्याचा एकच मेल आला होता. बिर्साच्या टेकडीवरचा फोटो, आणि खाली चार ओळी. जहाजावर पाणी मोजकंच असतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी खलाशांनी सांगितलं की अंघोळ दोन-तीन मिनिटांत आटपा. सगळे श्रीमंत प्रवासी आठ दिवस निमूटपणे ते पाळत होते. त्याने लिहिलं होतं, "जहाजावर जमतं, मग अंधेरीला का जमत नाही रे?"

माझ्याकडे याला उत्तर नाही. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गळक्या टाकीचा विषय त्याने काढला, असं वहिनी सांगत होत्या.

जायचं असेल तर: मुंबईहून मनोर-विक्रमगडमार्गे जव्हार, नाशिककडून त्र्यंबक-मोखाडामार्गे. एसटी आहे. पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या, आणि परत आणायचा प्लास्टिकचा कचराही बॅगेतच ठेवा. बाकी भेटू पुढच्या वीकेंडला.