पुण्याची सावली आणि घागरभर पाणी

न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि तेव्हापासून चैत्र-वैशाखाचे हे दिवस पुणेकरांनी व्याख्यानांसाठी राखून ठेविले आहेत. दिवसभराची तलखी ओसरते, संध्याकाळी वारा सुटतो आणि माणसे निवांतपणे चार विचार ऐकावयास जमतात. परंतु याच दिवसांत, आपण येथे बसलेले असताना, गेल्या आषाढात मोठ्या हौसेने लावलेली रोपे शहरभर निमूटपणे वाळत असतात. म्हणून झाडे लावण्याचा नव्हे, तर झाडे जगविण्याचा इतिहास आज आपणापुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे. शहराची सावली केवळ राजमार्गावरच्या वडांनी व सरकारी बागांनी होत नाही. तिचा मोठा वाटा घराघरांच्या अंगणांत उगवतो. आणि अंगणातले झाड तेथेच वाढते, जेथे पाणी पोचले आहे व ते ओतणारे कोणीतरी घरात आहे.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. सम्राट अशोकाने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सातवा स्तंभलेख कोरविला. तो ज्या स्तंभावर आहे, तो स्तंभ आज दिल्लीस फिरोजशहा कोटल्यात उभा आहे. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावविले, आमराया केल्या, असे अशोक त्यात सांगतो आणि लागलीच विहिरी खोदविल्याचे सांगतो. झाड आणि विहीर यांचा उल्लेख असा एका दमात यावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने तर ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचे स्वतंत्र प्रकरणच लिहिले. लावलेल्या झाडास उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा पाणी द्यावे, असा त्याचा दंडक आहे. दोन झाडांत वीस हातांचे अंतर उत्तम, सोळांचे मध्यम आणि बारांहून कमी नसावे, असेही तो बजावतो. कारण एकमेकांस भिडलेली, मुळे गुंतलेली झाडे नीट फळत नाहीत. कालिदासाची शकुंतला आश्रमातील झाडांना पाणी घातल्यावाचून स्वतः पाणी पीत नसे, हे आपण शाळेत शिकलो. आपण त्यातले काव्य पाहिले. दिनचर्या पाहावयाची राहून गेली.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चा उल्लेख केलाच पाहिजे. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या राजनीतिपर ग्रंथात आरमाराच्या लाकडाविषयी बोलताना अमात्य आंबा-फणसाला हात लावू नका, असे बजावतात. का? तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ जतन करून वाढविलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखास पार राहत नाही. अगदी जीर्ण झालेले एखादे झाड हवेच असेल, तर धन्यास राजी करावे, त्याचे द्रव्य द्यावे आणि मग न्यावे. येथे झाडाचे मोल लाकडावर ठरलेले नाही. ज्या हातांनी ते वाढविले, त्या हातांच्या श्रमावर ते ठरले आहे.

आता पुण्याकडे वळू. आपल्या शहरावर पावसाची कृपा बेताचीच. वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. थोड्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. अशा भूमीवर रोप आपल्या बळावर तग धरील, ही आशा व्यर्थ होय. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरात आणविले आणि पेठापेठांतून हौद भरू लागले. पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधले, त्या तळ्यात बेट राखून बाग फुलविली. तीच आपली सारसबाग. आज तेथे तळ्याची जागा हिरवळीने घेतली असली, तरी ‘तळ्यातला गणपती’ हे नाव बागेचे मूळ सांगावयास उरले आहे.

वाड्यांचेही असेच. परसात आड, आडाशेजारी धुण्याची शिळा आणि मोरीच्या पाण्याच्या वाटेवर केळ व अळू. पलीकडे लिंबू, शेवगा, पारिजातक, सोनचाफा. या झाडांसाठी कोणी वेगळा माळी ठेवला नव्हता. घरातल्या बायकांनी आडाचे पाणी शेंदले आणि वापरलेले पाणी झाडांच्या मुळाशी गेले. इतिहासकारांनी हौद बांधणाऱ्यांची नावे लिहून ठेवली. परसातल्या झाडांना पाणी घालणाऱ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. पेठांतली सावली मात्र त्यांच्याच हातची होती.

एकोणिसाव्या शतकातही हाच क्रम दिसतो. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून नदीवर बंधारा झाला आणि त्याच्या काठी बाग वाढली. तिला आपण अजून बंडगार्डन म्हणतो, म्हणजे बंधाऱ्याची बाग. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण बांधले गेले, कालवा आला, मागोमाग नळ आले. नदीपलीकडे डेक्कन जिमखाना व एरंडवण्याच्या माळावर बंगल्यांची वस्ती झाली, तेव्हा त्या अंगणांतून आंबे, चिंचा, जांभळे वाढू शकली, ती या नळांच्या जोरावर.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले. नदीकाठचे वाडे कोसळले, परस वाहून गेले, नळ कोरडे पडले. ज्यांचे सर्वस्व गेले, त्यांपैकी अनेकांनी सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत संसार मांडले. तेथील जमीन उघडी, पाणी मोजके. तरीही दारापुढे खड्डा खणून रोप लावणारी माणसे त्यांत होती. आज त्या भागांत दाट सावलीतून जाताना ती पुरात घर गमावलेल्यांनी वाढविलेली असेल, असे आपल्या मनातही येत नाही.

१९५० च्या जुलैत कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू थोर होता, त्याविषयी शंका नाही. परंतु उत्सवाचा एक दोष असा की तो एका आठवड्यात संपतो. झाडाला तीन उन्हाळे पार करावे लागतात. दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आम्ही आमचीच कथा सांगतो. आम्हीही एका आषाढात फाटकाजवळ आंब्याचे रोप थाटाने लावले होते. वैशाखात मुलाबाळांसह गावी गेलो. महिन्याने परतलो तो हाती काडी उरली होती. पुढल्या वर्षी पुन्हा लावले आणि पुन्हा गावी गेलो. या खेपेस झाड जगले. शेजारच्या काकू रोज तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी कुंपणावरून त्याच्या आळ्यात ओतीत होत्या. आम्ही कधी त्यांस विनविले नव्हते, त्यांनीही कधी बोलून दाखविले नाही. आज त्या नाहीत. त्या झाडाचे आंबे उतरवताना, हे झाड आम्ही लावले असे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.

१९७५ साली महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा झाला. वृक्ष प्राधिकरणे आली, वृक्षगणना आली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांस वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण कायदा कुऱ्हाड अडवू शकतो, घागर उचलू शकत नाही. शिवाय गणना खोडांची होते आणि सावली पानांची असते. तीस फूट पसरलेले एक झाड जितकी जमीन झाकते, तितकी झाकावयास तीन फूट पसाऱ्याची शंभर रोपे लागतात. तेव्हा एक जुने झाड तोडून दहा रोपे लावली की हिशेब फिटला, असे मानणे गणिताच्याही विरुद्ध आहे.

आज वाडे गेले, बंगलेही जात आहेत. त्यांच्या जागी इमारती उभ्या राहतात आणि अंगणात फरशी बसते. जी मातीची पट्टी कुंपणाशी उरते, तीत वड-पिंपळ लावू नयेत. बहावा, कांचन, पारिजातक, कढीलिंब लावावेत आणि वराहमिहिराचे अंतर शक्य तेवढे पाळावे. खोडाभोवती फरशी येऊ देऊ नये. आळे खोडापासून थोडे दूर, वाटोळे करावे व दरवर्षी रुंदावत न्यावे, कारण पाणी पिणारी कोवळी मुळे बाहेर बाहेर सरकत असतात. वर पालापाचोळा पसरावा. अगदी कोवळे रोप असेतो पाणी वरचेवर द्यावे. पण ते रुजले म्हणजे रोजच्या शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा सावकाश, भरपूर पाणी घालावे. वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच राहतात. खोल मुरलेल्या पाण्यामागे ती खोल जातात, आणि खोल गेलेले झाडच पुढे आपले आपण उभे राहते.

ज्येष्ठी पौर्णिमेस वडाला पाणी मिळते, महादेवावर अभिषेकपात्र टांगले जाते, तुळशीला तर नित्य पाणी मिळते. ज्याला व्रत आहे त्याची सोय झालेली आहे. सोसायटीच्या फाटकाजवळचे चार पानांचे रोप मात्र कोणत्याही व्रतात बसत नाही. ते कोणाचे, हा प्रश्न सुटत नाही आणि तेवढ्यात ते वाळते. श्रोतेहो, आता व्याख्यान संपवून आपण घरी जाल. फाटकातून आत शिरताना त्या रोपाकडे एकवार पाहावे, आणि माती कोरडी असेल तर वर जाऊन एक बादली पाणी आणावे, एवढीच आमची विनंती आहे.