मिस्सा
कॅथलिक ख्रिस्ती उपासनेचा मुख्य विधी. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना भाकर व द्राक्षारस दिला आणि आपल्या स्मरणार्थ तसे करीत राहण्यास सांगितले, यात त्याचे मूळ आहे. वचनविधी (बायबलवाचन, प्रवचन, प्रार्थना) व वेदीवरील अर्पणविधी असे त्याचे दोन भाग पडतात.

सर्वांत मोलाचे प्राचीन वर्णन हुतात्मा जस्टिन याने रोममध्ये इ. स. १५५ च्या सुमारास लिहिले. रविवारी शहरातले व खेड्यांतले लोक एकत्र जमत. वाचन, उपदेश व प्रार्थना झाल्यावर भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस वाटला जाई, गैरहजर असणाऱ्यांकडे सेवक तो पोहोचवीत. ऐपतीप्रमाणे दिलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांचा सांभाळ होई. उपासना व सेवा यांची ही जोड मिस्साचा गाभा मानली पाहिजे; केवळ विधींच्या तपशिलातून तो कळत नाही.

मिस्सा हे यज्ञार्पण आहे काय, यावर सोळाव्या शतकात तीव्र वाद झाला. ख्रिस्ताचे बलिदान एकदाच घडले, या आधारावर मार्टिन ल्यूथरने ती कल्पना नाकारली. ट्रेंट धर्मपरिषदेने १५६२ मध्ये उत्तर दिले : बलिदान तेच, वेदीवर ते रक्ताविना अर्पिले जाते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा विधी ‘प्रभुभोजन’ म्हणून चालतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट मोकळी केली. त्यानंतर वसईच्या चर्चमध्ये लॅटिनऐवजी मराठीतून मिस्सा होऊ लागली.