गारपिटीने छप्पर फुटले तर: दुरुस्तीचा खर्च, पंचनामा आणि विमादावा (देवळी, जि. वर्धा)

फेब्रुवारी-मार्चमध्ये देवळी तालुक्यात हरभरा सोंगणीला आलेला असतो, गहू पिकत असतो आणि भाव वाढेल या आशेने ठेवलेला कापूस अनेकांच्या घरातच असतो. विदर्भात गारपीट होते ती बहुधा याच दिवसांत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने विदर्भ आणि मराठवाड्यातील रब्बी पिकांचे केलेले नुकसान अनेकांना आठवत असेल.

गारा थांबल्या की शेतकऱ्याचे पाऊल आधी शेताकडे वळते. तोपर्यंत घराचे कवेलू फुटलेले असतात, सिमेंटच्या पत्र्यांना भोके पडलेली असतात, कोठ्यावरच्या टिना वाऱ्याने उचकटलेल्या असतात. अशा वेळी पीकविमा काढला आहे म्हणून छपराचेही पैसे मिळतील, असा समज असतो. तो चुकीचा आहे. छपराच्या भरपाईचे मार्ग वेगळे आहेत आणि त्यांचा पुरावा पहिल्या दोन दिवसांतच तयार करावा लागतो.

थोडक्यात

- घराचे छप्पर: महसूल विभागाचा पंचनामा, घरविमा असल्यास विमा कंपनीकडे स्वतंत्र दावा.
- घराला जोडून असलेला गोठा: पंचनामा, विम्यात समाविष्ट असल्यास दावा.
- शेतातील शेड, कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय: स्वतंत्र व्यवसाय विमा असेल तरच विम्याची भरपाई.
- उभे पीक: पंचनामा आणि पीकविमा.
- घरात साठवलेला कापूस, धान्य: पीकविम्यात नाही, नेहमीच्या घरविम्यातही सहसा नाही.

एका ठिकाणी अर्ज दिला म्हणजे दुसरीकडे आपोआप नोंद होत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

पहिल्या ४८ तासांत काय करावे

१. वीजपुरवठा मेन स्विचवरून बंद करा. ओल्या भिंतीतून करंट येण्याचा धोका असतो.

२. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका. तडा गेलेला पत्रा वरून धड दिसतो, पण वजन पडताच तुटतो. चढावेच लागले तर खालच्या आधारांवर आडवी फळी किंवा शिडी टाकूनच चढा.

३. झाकण्याआधी फोटो काढा. आधी पूर्ण घर, मग प्रत्येक बाजूचे छप्पर, मग फुटलेला भाग जवळून आणि शेवटी खोलीच्या आतून. मोबाईलमध्ये तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदवणारी सेटिंग सुरू ठेवा.

४. गारा वितळण्याआधी त्यांचा फोटो घ्या. शेजारी पट्टी, नाणे किंवा लिंबू ठेवा. मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस, वारा, तापमान आणि आर्द्रता मोजते. गारांची नोंद ते करत नाही. म्हणून तुमचा फोटो महत्त्वाचा ठरतो.

५. यानंतर ताडपत्री टाका. नुकसान वाढू नये म्हणून काळजी घेणे ही विमाधारकाची जबाबदारी आहे. ताडपत्री, दोरी आणि मजुरीचे बिल जपून ठेवा.

६. फुटलेले कवेलू आणि पत्रे पाहणी होईपर्यंत फेकू नका. एका बाजूला रचून ठेवा.

पंचनामा आणि शासकीय मदत

गारपीट ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत अधिसूचित आपत्ती आहे. त्यामुळे विमा नसला तरी मदतीसाठी पात्र ठरता येते. गावात तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांना कळवा. देवळी किंवा पुलगाव शहरात घर असेल तर नगर परिषदेलाही कळवा. तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

२०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठी केंद्राने ठरवलेले दर असे होते:

- पूर्ण नष्ट किंवा गंभीर नुकसान झालेले घर (सपाट भाग): १,२०,००० रुपये
- अंशतः पडझड, पक्के घर (किमान १५ टक्के नुकसान): ६,५०० रुपये
- अंशतः पडझड, कच्चे घर (किमान १५ टक्के नुकसान): ४,००० रुपये
- झोपडी: ८,००० रुपये
- घराला जोडून असलेला गोठा: ३,००० रुपये
- दगावलेली गाय किंवा म्हैस: ३७,५०० रुपये, बैल: ३२,००० रुपये, शेळी किंवा मेंढी: ४,००० रुपये

तुमच्या घटनेच्या तारखेला कोणता शासन निर्णय लागू आहे ते तहसील कार्यालयात विचारा.

या यादीत तीन गोष्टी नीट पाहा. पहिली, १५ टक्क्यांची अट. पंचनाम्यात नुसते "छपराचे नुकसान" असे लिहिले तर पुढे अडचण येते. "एकूण ४० पत्र्यांपैकी १४ फुटले" अशी मोजणी नोंदवायला सांगा. कवेलूचे छप्पर असेल तर एक मीटर बाय एक मीटरची चौकट धरून आतील फुटलेले आणि धड कवेलू मोजा. असे तीन-चार ठिकाणी करा.

दुसरी, गोठा "घराला जोडून असलेला" हवा. शेतातला सुटा कोठा या शब्दांत बसत नाही. तो घरविम्यातही येत नाही. त्यासाठी वेगळीच तयारी लागते. ती पुढे दिली आहे.

तिसरी, ही मदत आहे, पूर्ण भरपाई नव्हे. ते पुढच्या हिशेबावरून लक्षात येईल.

जनावर दगावले असेल तर पुरण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घ्या आणि कानातील बिल्ल्यासह फोटो काढा.

छपराचा खर्च कसा काढावा

दाव्यात अंदाजे आकडा लिहू नका; मोजून लिहा. समजा कोठ्याची लांबी ३० फूट आहे आणि दोन्ही बाजूंचा उतार प्रत्येकी १२ फूट आहे. १२ फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा वापरायचा. शेजारच्या पत्र्यावर २ इंच चढवल्यावर प्रत्येक पत्रा ३ फूट ४ इंच झाकतो. म्हणजे एका बाजूला ९ आणि दोन्ही बाजूंना मिळून १८ पत्रे.

खालील दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत. प्रत्यक्ष दर दुकानदाराच्या कोटेशनवरून घ्या.

- पत्रे: १८ × १,५०० = २७,००० रुपये
- वरचा टोपीपत्रा, स्क्रू, वॉशर: ३,००० रुपये
- वाकलेले पाइप किंवा मोडलेल्या बल्ल्या बदलणे: ३,५०० रुपये
- वाहतूक: १,५०० रुपये
- जुने काढणे आणि नवीन बसवण्याची मजुरी: ६,००० रुपये
- एकूण: ४१,००० रुपये

गोठ्याला मिळणारी मदत ३,००० रुपये. म्हणजे ३८,००० रुपये स्वतःच्या खिशातून घालावे लागतील. विम्याची गरज इथे कळते.

कोटेशन दोन ठिकाणांहून, शिक्क्यासह आणि जीएसटी वेगळा दाखवून घ्या. मजुरी, वाहतूक आणि खालचा सांगाडा अर्जात लिहायचे राहून जाते. मग ती रक्कमही मिळत नाही.

घरविम्याचा दावा

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" ही एकसारख्या अटींची घरविमा पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, भूकंप, वीज पडणे, वादळ, पूर इत्यादी जोखमी येतात. घराच्या आवारातील कुंपण, पाण्याची टाकी, बायोगॅस संयंत्र आणि सौर पॅनेलही इमारतीच्या व्याख्येत आहेत. घरगुती सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत आपोआप संरक्षण मिळते.

जोखमींच्या यादीत वादळाचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणून दाव्यात नुसते "गारा पडल्या" असे लिहून थांबू नका. वारा, गारा आणि पाऊस हे सगळे एकाच वादळात झाले असेल तर तसेच, वेळेसह लिहा. पॉलिसी घेतानाच गारपीट समाविष्ट आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

दाव्याचा क्रम असा ठेवा:

१. कंपनीला लगेच कळवा आणि दावा क्रमांक लिहून घ्या. दावा अर्ज ३० दिवसांच्या आत द्या.

२. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या नुकसानीसाठी परवानाधारक सर्वेक्षक येतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार त्याची नेमणूक २४ तासांत, अहवाल १५ दिवसांत आणि अहवालानंतर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा.

३. सर्वेक्षक आला की स्वतः हजर राहा. फोटो, कोटेशन आणि पंचनाम्याची प्रत द्या. त्याने काय मोजले, ते तुम्हीही वहीत लिहा.

सर्वेक्षक एक प्रश्न हमखास विचारतो: छप्पर आधीच गळत होते का? जुनेपणामुळे किंवा देखभाल न केल्याने झालेले नुकसान विम्यात येत नाही. म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर धड छपराचे चार फोटो काढून ठेवा. तसेच विमा पूर्वीसारखे छप्पर करण्याचा खर्च देतो. कवेलू काढून रंगीत पत्रा टाकायचा असेल तर वाढीव खर्च तुमचा.

घर, गोठा किंवा शेडसाठी बँकेचे कर्ज घेतले असेल तर पासबुक तपासा. विम्याचा हप्ता कापला असेल तर पॉलिसी बँकेत असू शकते. तिची प्रत मागून घ्या.

शेतातील शेड आणि कमी रकमेचा विमा

दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन किंवा डाळमिलच्या शेडसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही पॉलिसी विचारा. ती एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी आहे.

हप्ता वाचवण्यासाठी विमा रक्कम कमी लावू नका. शेडची किंमत १,००,००० रुपये असताना ५०,००० रुपयांचाच विमा काढला आणि नुकसान ४१,००० रुपयांचे झाले, तर सरासरीची अट असलेल्या पॉलिसीत त्याच प्रमाणात २०,५०० रुपयेच मिळतात.

घरातला कापूस आणि शेतातले पीक

छप्पर फुटल्यावर खालचा कापूस भिजतो आणि त्याची प्रत जाते. हे नुकसान अनेकदा पत्र्यांपेक्षा मोठे असते. कापूस घरात ठेवायचाच असेल तर जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा आणि वर ताडपत्री तयार ठेवा. धान्य वखार महामंडळाच्या गोदामात ठेवल्यास साठ्याला विमा संरक्षण असते आणि गोदाम पावतीवर तारण कर्जही मिळू शकते.

पीकविम्यात मोठा बदल झाला आहे. पूर्वी गारपिटीची सूचना ७२ तासांत दिल्यास शेतकऱ्याच्या वैयक्तिक नुकसानीची पाहणी होत असे. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या मंडळाच्या उत्पादनावर ठरू लागली. रब्बीसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दीड टक्का आहे. संत्रा, मोसंबीसाठी फळपीक विम्यात गारपिटीचे जादा संरक्षण घेतले असेल तर मात्र ७२ तासांत कळवणे आवश्यक आहे. चालू हंगामाच्या अटी तालुका कृषी कार्यालयात पाहून घ्या.

विमा असो वा नसो, पिकाचा पंचनामा करून घ्या. ३३ टक्के किंवा अधिक नुकसान असल्यास मदत मिळते. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद हवी. गारपिटीनंतर पीक सावरण्याच्या उपायांसाठी सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या.

लागणारी कागदपत्रे

- आधार कार्ड आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक
- घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा नगर परिषदेची कर पावती. शेतीचा ८-अ उतारा घरासाठी चालत नाही. दोन्हींत गल्लत करू नका.
- पंचनाम्याची प्रत आणि अर्जाची पोच
- पॉलिसी, हप्त्याची पावती, दावा क्रमांक
- फोटो, कोटेशन, तात्पुरत्या दुरुस्तीची बिले

दावा नाकारला किंवा पैसे कमी आले तर

कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. "बीमा भरोसा" पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी चालतात. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. "पूर्ण आणि अंतिम" असे लिहिलेल्या पावतीवर रक्कम पटल्याशिवाय सही करू नका.

नवीन छप्पर घालताना

पत्र्याची जाडी बिलावर लिहून घ्या. आधारांमधील अंतर जास्त ठेवू नका. कडेच्या पत्र्यांना जादा स्क्रू लावा, कारण वारा कडेपासूनच पत्रा उचलतो. जुने सिमेंटचे पत्रे फोडून बारीक करू नका. त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ते पाण्याने ओले करून अखंड उतरवा.

दर वर्षी जानेवारी संपण्याआधी चार कामे करा: छपराचे फोटो, पॉलिसीची मुदत तपासणे, मोबाईलमध्ये तलाठी आणि विमा कंपनीचे क्रमांक आणि घरात एक धड ताडपत्री. गारपीट दहा-पंधरा मिनिटांत होऊन जाते. नंतरचे काम या तयारीवर अवलंबून असते.