बोटीवरच्या शिध्यातून निघालेली रेषा

20 औंस तांदूळ, 6 औंस डाळ, अडीच औंस मटण, थोडी भाजी, 1 औंस तूप, अर्धा औंस मोहरीचं तेल आणि मीठ. परमुलखातल्या मळ्यांवर निघालेल्या गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजुरांसाठी 1870 साली कलकत्त्याच्या सरकारी वैद्यकीय निरीक्षकाने हा रोजचा शिधा सुचवला. तोही बोटीवर काहीही काम न करता बसून राहिलेल्या माणसाचा.

पिवळ्या रेशनकार्डापायी ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द गावोगाव पोचला. त्या रेषेची कुळी शोधत मागे गेलं, की ती या शिध्यापाशी येऊन थांबते.

दादाभाई नौरोजींनी 1876च्या आपल्या निबंधात हाच तक्ता उचलला. 1867-68च्या बाजारभावाने हिशेब मांडला, तेव्हा प्रांतागणिक माणशी वर्षाला 16 ते 35 रुपये नुसतं जगायलाच लागतात, असं निघालं. आणि देशाचं उत्पन्न? माणशी सरासरी 20 रुपये! इतक्या साध्या वजाबाकीने एका साम्राज्याला उघडं पाडल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात मात्र या हिशेबाचं मूळ तुरुंगातल्या जेवणात दाखवलं होतं. तुरुंगांचे खर्च निबंधात आहेत, हे खरं. कैद्याला मिळतं तेवढंही रयतेच्या वाट्याला येत नाही, हे दादाभाईंना दाखवायचं होतं. पण निर्वाहाच्या आहारात तूप आणि मटण आहे, आणि ते थेट बोटीच्या तक्त्यातलं आहे. म्हणून तुरुंग तुलनेपुरता, पाया बोटीचा, हेच अधिक पटतं.

दुसरा दावा लंडनचा. ‘गरिबीची रेषा’ हे शब्द रूढ केले ते चार्ल्स बूथने, 1880च्या दशकात लंडनची घरं मोजताना. दादाभाईंनी ते वापरलेले नाहीत. तेव्हा नाव बूथचं, पण माप त्याआधीचं आणि दादाभाईंचं. 1901 साली दादाभाईंचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये निघाला, त्याच वर्षी सीबोम राउंट्रीचं यॉर्क शहरातल्या गरिबीवरचं पुस्तकही. राउंट्रीने आपली रेषा ठरवताना वर्कहाउसच्या, म्हणजे निराधारांसाठीच्या सरकारी आश्रयगृहांच्या, जेवणाचा तक्ता आधाराला घेतला होता. इथे बोट, तिथे वर्कहाउस. गरिबाच्या ताटाचं माप दोन्हीकडे सरकारी कोठारातूनच आलं.

पुढचे टप्पे सर्वांच्या ओळखीचे. 1971 साली पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज 2250 उष्मांकांची रेषा मांडली. 1979मध्ये ती खेड्याला 2400, शहराला 2100 झाली.

आपल्या हिशेबात काय धरलेलं नाही, हेही दादाभाईंनी नोंदवून ठेवलं होतं: सणवार, लग्न-मयत, वाईट वर्षासाठी गाठीला चार पैसे. 1979च्या रेषेनेही शाळा आणि दवाखाना सरकार पुरवील असं गृहीत धरलं. घरच्यांच्या खिशातून जाणारा हा खर्च रेषेत मोजला गेला, तो 2009मध्ये, सुरेश तेंडुलकर समितीच्या अहवालात.