चार रात्री शहर, चार रात्री समुद्र

आमचा निकाह जानेवारीत आहे. बेलापूरचा हॉल ठरला, वलीम्याचा बेत ठरला, पत्रिका छापायला गेल्या. घोडं अडलंय ते एका कागदावर. वहीच्या पानाच्या मधोमध मी उभी रेघ मारली आहे. डावीकडे लिहिलंय इस्तंबूल, उजवीकडे अंताल्या. वर लिहिलंय, एकूण रात्री आठ. या आठ रात्रींची वाटणी कशी करायची, यावर दोन महिने आमची चर्चा चालू आहे.

परदेशात हनिमून ही आमच्या घरातली पहिलीच गोष्ट. अम्मी-अब्बा निकाहानंतर माथेरानला गेले होते, तेही मोठ्या काकांच्या कुटुंबासोबत. त्यामुळे सल्ला द्यायला घरात अनुभवी कुणी नाही. महिना मात्र सहज ठरला. जानेवारीत अंताल्याला पाऊस आणि थंडी, फेब्रुवारीत रमजान लागतो, म्हणून ईद झाल्यावर मे महिन्याचा पहिला आठवडा.

वाद वाटणीचा आहे. ती मुरूडची. तिला समुद्र नको, शहर हवं. ती म्हणते, "समुद्र मी जन्मापासून बघतेय. वारा सुटला की आमच्या ओटीवर वाळू येते. मला जुन्या गल्ल्या दाखव." मी नेरूळचा. आमच्याकडे खाडी आहे, भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल. इतिहासाची पुस्तकं मी वाचत असलो तरी मला चार दिवस निळं पाणी बघत पडून राहायचं आहे.

हा वाद गोड आहे. दुसरा वाद तेवढा गोड नाही. तो अब्बांशी आहे.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांचा जीव घेतला. मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा तुर्कस्तानचं सरकार उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने उभं राहिलं. आपल्याकडे बहिष्काराची हाक आली. अनेक प्रवासी कंपन्यांनी तिथलं बुकिंग थांबवलं, पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं. हा राग समजण्यासारखा होता. मलाही आला होता. पण आमच्यासारख्या नावाच्या माणसाने तिकडचं तिकीट काढलं, की त्याच्या रागाचीही तपासणी होते. अब्बा शिक्षक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. ते म्हणाले, "जायचं तर जा. पण विचारलं कुणी, तर दुबई सांगा."

मी गप्प बसलो. तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "खोटं सांगून जायचं असेल तर मला कुठेच जायचं नाही. आणि आमच्या बेगमसाहेबा गेल्याच होत्या की इस्तंबूलला. त्या काय चोरून गेल्या होत्या?"

या एका वाक्याने मला पुस्तकांकडे परत पाठवलं.

तुर्कस्तानशी आपली ओळख डब केलेल्या मालिकांनी करून दिली, असं हल्ली अनेकांना वाटतं. ओळख फार जुनी आहे. आपल्याकडे त्या मुलुखाला 'रूम' म्हणत आणि तिथून आलेल्या माणसाला 'रूमी'. १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ ओतली गेली. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. ती ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हसन रूमी. म्हणजे जवळपास पावणेपाचशे वर्षांपूर्वी तिकडची कारागिरी नगरच्या मातीत उतरली होती. दख्खनच्या दरबारांत तिकडून आलेली माणसं बहुधा समुद्रमार्गे, आपल्या कोकणातल्या किंवा गुजरातच्या बंदरांतून येत. बेलापूरच्या ज्या किल्ल्याच्या पडक्या बुरुजापासून आमचा हॉल जवळ आहे, तो किल्लाही सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे या तिघांच्या हातून फिरला, कारण त्याच्या पायथ्याला खाडी आहे आणि खाडीच्या तोंडाशी जगाचा रस्ता.

आता बेगमसाहेबा. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाझली रफिया. सुलेमानी बोहरा समाजातल्या फैजी घराण्याची ही मुलगी, मुंबईच्या तय्यबजींशी नातं असलेली. वडील हसनअली व्यापारी. व्यापारासाठी ते इस्तंबूलला राहिले होते. नाझलींची धाकटी बहीण अतिया हिचा जन्मच १८७७ साली इस्तंबूलचा. हीच अतिया पुढे १९०६ मध्ये शिकायला लंडनला गेली. तिथली तिची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून आली.

१९०८ साली नवाब, नाझली बेगम आणि अतिया युरोपच्या सफरीवर निघाले. या प्रवासात इस्तंबूलही होतं. परत आल्यावर नाझलींनी उर्दूत 'सैर-ए-यूरप' हा सफरनामा लिहिला. ज्या शहरात त्यांच्या वडिलांनी व्यापार केला होता, तिथे त्या मुरूडसारख्या छोट्या संस्थानाची बेगम म्हणून गेल्या. तेच वर्ष उस्मानी साम्राज्याच्याही उलथापालथीचं. जुलै १९०८ मध्ये तरुण तुर्कांच्या उठावापुढे नमतं घेत सुलतान अब्दुल हमीद यांनी गुंडाळून ठेवलेली राज्यघटना पुन्हा लागू केली. मुरूडच्या बेगमेला त्यात सामील व्हायचं नव्हतं. ती शहर बघायला गेली होती, आणि बघितलेलं लिहून ठेवायला.

एवढं वाचून मला बरं वाटलं. पुढचं वाचून वाटलं नाही. नाझलींना मूल नव्हतं. नवाबांना वारस हवा होता. १९१३ साली त्यांचा तलाक झाला. सफरीनंतर अवघ्या पाच वर्षांत.

दुसरी गोष्ट तर खरोखर लग्नाची आहे. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या संसदेने खिलाफत रद्द केली. जिच्यासाठी भारतात गांधीजी आणि अली बंधूंनी रान उठवलं होतं, ती तुर्कांनीच संपवली. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांना कुटुंबासह देश सोडावा लागला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर नीस इथे ते राहिले. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान त्यांना तनखा पाठवत. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीसमध्ये निजामांच्या दोन मुलांची लग्नं झाली. थोरल्या आझम जाह यांचं खलिफांची मुलगी दुर्रुशेहवार हिच्याशी, धाकट्या मुअज्जम जाह यांचं उस्मानी घराण्यातल्याच निलोफर हिच्याशी. एक सतरा वर्षांची, दुसरी पंधरा.

नवी जोडपी व्हेनिसहून 'पिल्स्ना' जहाजाने निघाली. याच जहाजावर ब्रिंदिसी बंदरात गांधीजी चढले. गोलमेज परिषदेहून ते रिकाम्या हाताने परतत होते. २८ डिसेंबरला जहाज मुंबईला लागलं. म्हणजे आधी समुद्रकाठचं नीस, मग जुनं व्हेनिस, मग पुन्हा समुद्र. माझ्या वहीतल्या कागदासारखाच हा आराखडा. फरक एवढाच, की तो नवरीने काढलेला नव्हता. देश गमावलेलं एक घराणं आणि इभ्रत वाढवू पाहणारं दुसरं, अशा दोन घरांनी तो काढला होता.

या खलिफांसाठी निजामांनी आपल्या मराठवाड्यात, खुलताबादजवळ मकबरा बांधला. तो आजही रिकामा उभा आहे. खलिफा १९४४ साली पॅरिसमध्ये वारले आणि दहा वर्षांनी मदिनेत दफन झाले. दोन्ही राजपुत्रांची लग्नंही टिकली नाहीत. दुर्रुशेहवार आणि आझम जाह वेगळे झाले. निलोफरला मूल झालं नाही. मुअज्जम जाह यांनी दुसरं लग्न केलं आणि १९५२ मध्ये तलाक झाला. पण तिची एक दासी बाळंतपणात गेली, तेव्हा निलोफरने बायका-मुलांसाठी हैदराबादेत दवाखान्याचा आग्रह धरला. आज निलोफर हॉस्पिटल लाखो गरिबांना माहीत आहे. ती उस्मानी राजकन्या होती हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

हे सगळं मी तिला सांगितलं. नेरूळच्या खाडीकाठच्या कट्ट्यावर बसलो होतो. मला वाटलं, मुरूड आणि इस्तंबूलच्या नात्याचा तिला अभिमान वाटेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिघी समुद्र ओलांडून गेल्या किंवा आल्या. कुठे जायचं हे त्यातल्या किती जणींना विचारलं होतं? आणि मूल झालं नाही म्हणून दोघींचं घर मोडलं. तू मला हे वाटणीचं पान दाखवतोस तेव्हा मला बरं वाटतं, ते शहरामुळे नाही. पेन माझ्याही हातात आहे म्हणून."

मी इतिहासात नाती शोधत होतो, तिने त्यातल्या बायका शोधल्या. निकाहनाम्यावर तिची सही लागते, तिची 'कबूल है' लागते. तेवढ्या एका दिवसापुरतं विचारून बाकीचं आयुष्य परस्पर ठरवायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. ती फक्त नवाबांच्या वाड्यातली नाही. दुबई सांगा म्हणणारे अब्बा आणि त्यावर गप्प बसणारा मी, आम्हीही तिला न विचारताच तिच्या वतीने खोटं बोलायला तयार झालो होतो.

राहिला बहिष्काराचा प्रश्न. एखाद्याने रागाने जायचं टाळलं तर तो त्याचा हक्क. पण शहर म्हणजे तिथलं सरकार नव्हे. नाझली बेगम सुलतानाच्या इस्तंबूलला गेल्या, तो सुलतान वर्षभरात पदच्युत झाला. शहर राहिलं. तिथे जाऊन मी कुणाच्या बाजूचा होत नाही आणि न जाऊन माझं देशप्रेम सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायची वेळ माझ्यावर वारंवार का यावी, हा प्रश्न मात्र मी इथे लिहून ठेवतो.

आता वाटणीचं. शोधताना इब्न बतूता हाताला लागला. चौदाव्या शतकातला हा मोरोक्कोचा प्रवासी जहाजाने अलान्याला उतरला आणि तिथून अंताल्याला गेला. पुढे काही वर्षांनी तोच आपल्या दौलताबादला आला आणि पश्चिम किनाऱ्याने खाली गेला. अंताल्याच्या जुन्या वस्तीत रोमन सम्राट हेड्रियनच्या नावाची वेस आहे आणि सेल्जुक काळातला मिनार आहे. पायथ्याला जुनं बंदर. उजव्या बाजूलाही इतिहासच निघाला. इस्तंबूलच्या तर मधूनच समुद्र वाहतो. मुरूडच्या मुलीला हे सांगायची गरज नव्हती. तिच्या गावात किल्लाच पाण्यात आहे.

तिने पेन घेतलं आणि माझी उभी रेघ खोडली. चार रात्री इकडे, चार तिकडे, तसंच राहिलं. फक्त इस्तंबूलमध्ये एक अख्खा दिवस बोटीत घालवायचा, तो माझा. अंताल्यात एक दिवस जुन्या गल्ल्या, तो तिचा.

गेल्या रविवारी अब्बांना सांगितलं, की आम्ही कुणाला दुबई सांगणार नाही. ती सोबत होती. अब्बांनी चष्मा पुसला, कागद लांब धरून वाचला. मग म्हणाले, "बरं. फोटो टाका. पण मशिदींचे कमी, पाण्याचे जास्त."

ती म्हणाली, "अब्बा, तिथे मशिदीच पाण्याच्या काठाला आहेत."

अब्बा हसले. बुकिंग या आठवड्यात करतो आहोत.